शिशाच्या पत्र्यावरचं गाऱ्हाणं

आमच्या घरात कॉलेजची पायरी पहिल्यांदा चढले ती मी. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते. पालीच्या पुढे आत आमची वाडी. तिथून तीन वर्षं एसटीने रत्नागिरीला गेले आणि बी. ए. झाले. पुढे कविता लिहायला लागले, तेव्हा वाडीत म्हणाले, शिकल्यावर असं काहीतरी होतंच.

चार वर्षांपूर्वी वाचनालयात एक जाड पुस्तक हाती आलं. त्यात दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिशाच्या पातळ पत्र्यांचे फोटो होते. तिकडे लांब परदेशात एका गरम पाण्याच्या कुंडाशी देवीचं देऊळ होतं. कुणाचा अंगरखा चोरीला गेला, कुणाचं भांडं गेलं, की तो माणूस पत्र्यावर टोकदार काडीने शाप कोरायचा, घडी घालायचा आणि कुंडात टाकायचा. चोर पुरुष असो की बाई, माझी वस्तू परत आणून देईपर्यंत त्याला झोप लागू देऊ नकोस.

मी पुस्तक मिटलं. पुरुष असो की बाई. हे मी ऐकलेलं होतं, आमच्याच देवळात, आणि त्यावर ‘व्हय म्हाराजा’ म्हणालेसुद्धा होते.

झालं होतं असं. बाबा मुंबईला कामाला. त्यांनी आईला एक नायलॉनची साडी आणली होती, मोरपंखी. आई ती लग्नकार्यालाच नेसायची. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात मला कविता म्हणायची होती. मागितली असती तर आई नाही म्हणाली असती, म्हणून मी विचारलंच नाही. धुऊन अंगणातल्या दांडीवर टाकलेली साडी सकाळी पिशवीत कोंबली आणि एसटी पकडली. मैत्रिणीच्या खोलीवर विजेची इस्त्री होती. मी जन्मात इस्त्री धरली नव्हती. तापेल तितकी तापवली आणि ठेवली. साडी आक्रसली, इस्त्रीला चिकटली, मधोमध परातीएवढं भोक. कविता मी पंजाबी ड्रेसवर म्हटली. साडी तिथेच ठेवून घरी आले.

घरी आई अंगणात उभी होती. समोरच काकूचं घर, म्हणजे माझ्या चुलतीचं. आई मोठ्याने म्हणत होती, “वाऱ्यानं गेली असती तर कुंपणात अडकली असती. हातानं नेलीन कुणीतरी.”

मी पिशवी घेऊन सरळ आत गेले.

तीन दिवसांनी आईने देवीपुढे नारळ ठेवला. आमच्याकडे अशा वेळी पोलिसात जात नाहीत, देवीला गाऱ्हाणं घालतात. गाऱ्हाणं गुरव म्हणतो आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी होकार द्यायचा. गुरवाने सुरू केलं, “आई, तुझ्या लेकराची साडी जेनं कुणी नेलीन, बाप्या असो, बाईमाणूस असो...”

“व्हय म्हाराजा.”

“साडी परत येईपर्यंत त्येच्या हातात काचेचं भांडं टिकू नये...”

तेवढ्यात आई मध्येच बोलली, “पन त्येच्या पोराबाळांना काय करू नको गो.” गुरवाने तेही घातलं. सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणाले. मीही. न म्हणते तर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं.

त्या दिवसापासून आईने काकूच्या अंगणातून जायची वाट सोडली. नळावर जायला लांबून वळसा. काकूकडून येणारी फणसाची भाजी बंद, आमच्याकडून जाणारे घावनेही बंद. त्यानंतर कितीतरी वर्षं माझ्या हातून कप फुटला की मी आधी इकडेतिकडे बघायचे.

पुस्तक वाचलं आणि मी शिसं शोधलं. बंदरावर जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्या आणल्या, हातोडीने चेचून पातळ केल्या आणि शाळेतल्या कर्कटकाने कोरायला बसले. कागदावर मी फार बोलते. शिशावर एक अक्षर कोरायला जोर लागतो. विशेषणं आपोआप गळतात. हरवलेल्या गोष्टींची दहा-बारा गाऱ्हाणी झाली. पण जे कोरायचं होतं ते यंदा मे महिन्यात झालं:

साडी मी नेली, आई.
बाप्या नव्हे, बाईमाणूस. तुझीच.
व्हय म्हणणाऱ्यांत
माझा आवाज ऐकलास?

आई पडवीत आठळ्या सोलत होती. मी वाचून दाखवलं.

ती म्हणाली, “परत वाच.”

परत वाचलं, आणि इस्त्रीचंही सांगितलं.

“भाजलीस काय गो तेव्हा?”

“नाही. साडीच जळली.”

“आनि देवळात व्हय म्हणालीस? आपल्याच डोक्यावर?”

“म्हणाले.”

तिने सुरी खाली ठेवली. “एवढी शिकलीस, आनि येक वाक्य बोलाया येवढी वर्षं लागली. चल. आधी तिच्याकडं. देवी कुठं जात नाय, ती माझ्यापेक्षा म्हातारी हाय.”

काकूने सगळं ऐकून घेतलं. मग उठून तिने कपाटातून सहा काचेचे कप काढून आमच्यासमोर मांडले.

“माझ्या लग्नातलं. सहाच्या सहा,” ती आईला म्हणाली. “मी रोज धुत्ये आनि बघत्ये, फुटतंय का. देवीला म्हायत होतं. तुलाच नव्हतं.”

आईने त्यातला एक कप उचलून हातात धरला. “चुकलं माझं,” ती म्हणाली.

“चहा घे. मग जाऊ नारळ उचलाया, गाऱ्हाणं सोडवाया.”

देवळात आता जुन्या गुरवाचा मुलगा आहे. तो म्हणाला, “आई, चोर घरातच सापडला, तिला पदरात घे.” ‘व्हय म्हाराजा’ सगळ्यांत मोठ्याने काकू म्हणाली, त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत. माझा पत्रा मात्र त्याने ठेवून घेतला नाही. शिसं नको, म्हणाला, नारळ बरा.

परतताना आई वळसा न घालता काकूच्या अंगणातून निघाली. मधल्या वर्षांत काकूने तिथे नळाच्या बाजूला चिऱ्याची एक पायरी बांधली होती. आईला ती ठाऊक नव्हती. पाय चाचपडला, तेव्हा काकूने तिचा हात धरला आणि म्हणाली, “हितं पायरी हाय गो.”