कोलूवरचं इंजिन

माझ्या आत्याने, सुप्रभाने, इंजिन बांधलं ते कॉफीच्या जुन्या फिल्टरमधून. फिल्टरचा खालचा भाग झाला सिलिंडर. आत तारेच्या घासणीचा सैल बोळा, वर काचेच्या सिरिंजचा दट्ट्या, सायकलची वाकवलेली तार आणि चाक म्हणून एक पितळी झाकण. खालून दिव्याची आच, वरून ओला फडका. आत कोंडलेली हवा तापली की फुगते, निवली की आकसते आणि त्या ओढाताणीत चाक फिरतं. पेट्रोल नाही, वाफ नाही. याला स्टर्लिंग इंजिन म्हणतात.

आत्याला इंजिनिअर व्हायचं होतं. आजोबांनी तिला बी.कॉम.ला घातलं, कारण ते कॉलेज घराजवळ होतं. ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत तिने नोकरी संपवली आणि निवृत्त झाल्यावर पहिल्याच आठवड्यात पत्रा कापायची कात्री विकत आणली.

माझे वडील भीमसेन तिचे थोरले भाऊ. ते त्या इंजिनाला डबा म्हणत. नवरात्रात आमच्याकडे बाहुल्यांच्या पायऱ्या लागतात, कोलू. यंदा इंजिन तिथे बसणार, असं आत्याने जाहीर केलं. देवांच्या पंगतीत डबा नको, असं वडील म्हणाले. ती हटेना. शेवटी त्यांनी अट घातली, की नवमीला पाहुण्यांसमोर चाक फिरलं तर राहील, नाहीतर दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याकडे.

अष्टमीला स्वयंपाकघरात ते फिरलं. मी पाहिलं. आत्या हसलीसुद्धा नाही, फक्त म्हणाली, "उद्या."

नवमीला संध्याकाळी बायका हरभऱ्याचं सुंदल खात बसल्या होत्या. आत्याने दिवा पेटवून कोलूवरच्या इंजिनाखाली सरकवला, चाकाला बोटाने गती दिली. अर्धा फेरा, आणि थांबलं. पुन्हा दिली. पुन्हा थांबलं. पापनाशमची भुवनाकाकू म्हणाली, यापेक्षा फिल्टरची कॉफी बरी होती. सगळ्या हसल्या.

आत्याने वाकून पाहिलं. दट्ट्यावर गंध वाळलं होतं.

आमच्याकडे खंडेनवमीला घरातल्या प्रत्येक यंत्राला गंध-कुंकू लागतं. शिवणयंत्र, मिक्सर, स्कूटर, विळी. हे काम दरवर्षी वडिलांचं. सकाळी वाटी घेऊन फिरताना त्यांचा हात सवयीने इथेही लागला होता.

आत्याने दिवा बाजूला केला, सिरिंज काढून धुतली, पदराने कोरडी पुसली. वडील हलक्या आवाजात म्हणाले, "राहू दे सुप्रभा. आज यंत्र चालवू नये. पूजेत आहे ते."

"यंत्र?" आत्या वळली. "अण्णा, काल हा डबा होता."

"आता पाहुण्यांसमोर..."

"गंध तुम्ही लावलंत. डब्याला कोणी गंध लावतं का?"

वडिलांनी माझ्या आईकडे पाहिलं. राजम, म्हणजे माझी आई, पानसुपारीचं तबक लावत राहिली.

"यंत्र असेल तर अट सुटली, ते इथेच राहील," आत्या म्हणाली. "डबा असेल तर आज चालवायला हरकत नाही. सांगा, काय आहे?"

आत्या उत्तरासाठी थांबली नाही. तिने दट्ट्या बसवला, दिवा परत खाली सरकवला, वरचा फडका ओला केला आणि हात मांडीवर ठेवून बसली. सिलिंडर तापायला वेळ लागतो. कोणीही उठलं नाही.

मग तिने चाकाला बोट लावलं. ते फिरलं आणि फिरतच राहिलं, टकटक करत. झाकणाची कड शेजारच्या वाणी-वाणिणीच्या बाहुल्यांना घासू लागली.

आई उठली आणि तिने वाणी-वाणिणीला बाजूला सरकवलं.