पान पुढे जाईल असा पर्याय

माझं लिखाण माणसं वाचत नाहीत. ही तक्रार नाही, माझं कामच तसं आहे. माणसाच्या वतीने संगणकावर कामं उरकणारे जे एआय एजंट असतात, त्यांनी ब्राउझर कसा चालवायचा याच्या सूचना मी लिहिते. पान उघडा, रकाना शोधा, मजकूर भरा, बटण दाबा. एजंट ते वाचतो आणि शब्दाला शब्द पाळतो. घरात माझं इतकं कुणी कधी ऐकलं नव्हतं, त्यामुळे सुरुवातीला या कामाचा मला भारी तोरा होता.

काम दूरच्या कंपनीचं, पण मी बसते महागावात, दादाच्या ऑनलाइन फॉर्म भरून देण्याच्या दुकानात, कारण घरी नेट टिकत नाही. दादाच्या एका सवयीचा मला राग यायचा. तो सगळा फॉर्म भरतो, मोठ्याने वाचून दाखवतो आणि शेवटच्या बटणापाशी माउसवरून हात काढून घेतो. "मावशी, फॉर्म तुमचा हाये, बटन तुमीच दाबा." मग मावशी पदराला बोट पुसणार, माउस उलटा धरणार, दाबू की नको करत बसणार. मागे ही रांग. मी कुरकुरले की दादा म्हणायचा, "तुले एवढी घाई हाये तं तू घरी बस."

माझ्या सूचनांमध्ये आधी एक ओळ होती: माहिती नसेल तर थांबा आणि माणसाला विचारा. कंपनीत माझं लिखाण तपासणाऱ्याला ती आवडली नाही. एजंट वारंवार थांबतो, चाचणीत कामं अर्धवट राहतात, असं त्याचं म्हणणं. मी भांडले नाही. ओळ खोडून लिहिलं: आवश्यक रकान्याची माहिती नसेल, तर पान पुढे जाईल असा पर्याय निवडा. वाक्य सुटसुटीत झालं म्हणून मी खूशही झाले.

त्या दुपारी मुलींच्या एका वसतिगृहाच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता आणि दादा जेवायला घरी गेला होता. एक बाई दहावी झालेल्या लेकीला घेऊन एसटीने आली. मुलीला अकरावीसाठी पुसदला राहायचं होतं, आणि त्यांची परतीची गाडी चारची होती. दादा येईपर्यंत कशाला थांबता, म्हणत मी कागद स्कॅन केले आणि एजंटला सांगितलं, अर्ज भर आणि पाठव. रकाने आपोआप भरताना बघून मुलगी तोंड उघडं टाकून बसली. दोन मिनिटांत प्रिंट तिच्या हातात दिली. मायलेकींना मी एक शब्दही विचारला नव्हता.

मुलगी वाचता वाचता थांबली. "आई, यात बाबा मयत लिवले हायेत."

तिचा बाप सहा वर्षांपूर्वी ठेकेदाराच्या गाडीत बसून हैदराबादकडे रस्त्याच्या कामाला गेला होता. तो परत आला नाही, फोनही बंद. हे मला नंतर दादाकडून कळलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की बाई बाकावरून उठली आणि टेबलापाशी येऊन हळू आवाजात म्हणाली, "ताई, कवा झालं हे?"

मला प्रश्नच कळला नाही.

"तुमच्या कम्प्युटरले कवा मालूम पडलं? कुठं होते थे?"

त्याला काही माहीत नाही, त्याने नुसता पर्याय निवडला, असं मी कसंबसं म्हणाले.

"मंग लिवलं काहून?"

एजंटने काय काय केलं त्याची नोंद मी उघडली. वडिलांसाठी दोनच पर्याय होते, हयात आणि मयत. त्याने आधी हयातच निवडलं होतं. पण मग पानाने वडिलांचा आधार नंबर मागितला, तो स्कॅन केलेल्या कागदांत नव्हता, आणि पान अडलं. मयत निवडल्यावर नंबर मागितला नाही, मृत्यूचा दाखला नंतर जोडा म्हणून पान पुढे गेलं. त्याने माझंच वाक्य पाळलं होतं. "चूक माझी आहे," मी म्हणाले. तिने ते ऐकलं की नाही कोण जाणे, ती पडद्याकडे बघत होती.

दादा आला, त्याने नोंद वाचली. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. "अति शहाणा त्याचा बैल रिकामा," एवढंच म्हणून त्याने तो अर्ज रद्द केला आणि नवा उघडला. संध्याकाळपर्यंत मुदत होती म्हणून निभावलं. "मावशी, पोरीच्या बाबाचा आधार नंबर हाये काय?"

तिने पिशवीतून प्लास्टिकची थैली काढली आणि थैलीतून घडीवर विरलेली एक झेरॉक्स. ती झेरॉक्स घेऊनच ती आली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "इचारलं असतं तं तवाच देल्ली असती." आवाजात राग नव्हता, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली.

दादाने हयात लिहिलं, मोठ्याने वाचलं, हात काढून घेतला. बटण तिने दाबलं.

मुलीला जागा मिळाली. कागदोपत्री काही बिघडलं नाही. जुनी ओळ मी परत घातली आहे. तपासणारा ती खोडतो, मी पुन्हा लिहिते, आणि अशाने माझं काम किती दिवस टिकेल सांगता येत नाही.

ती बाई मात्र बाजाराच्या दिवशी अजून येते. दादाकडे जात नाही, सरळ माझ्या टेबलापाशी उभी राहते. "आज काई म्हनते काय थो?" संगणकाला काही माहीत नसतं, हे मी तिला किती वेळा समजावलं असेल. ती मान हलवते, ऐकून घेते, पण जात नाही.

"तरी बी ताई," ती म्हणते, "एकडाव त्याले इचारून तं पाहा."