टवका न उडालेली हंडी

शेजारच्या बागेत आंब्याच्या मोहोरावर फवारणी सुरू झाली, की त्या उग्र वासानं मला काकांच्या बुरोंडीच्या बागेतल्या मधपेट्या आठवतात. फवारणीच्या आदल्या दिवशी शेजारी निरोप द्यायचे, मग संध्याकाळी माशा परतल्या, की काका पेट्यांची दारं बंद करायचे. दुसऱ्या कुणी पेट्यांना हात लावायचा नाही, हा त्यांचाच दंडक. त्या वर्षी निरोप आला, त्याच दिवशी हर्णेला एका घरातली जुनी निळी काचेची हंडी विकायला निघाल्याचंही त्यांना कळलं. जुन्या काचसामानाचा त्यांना भारी नाद. "काळोखाच्या आधी येतो," म्हणून गेले आणि घासाघीस करताना शेवटची एसटी चुकली. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर लुगड्यात गुंडाळलेली हंडी पोटाशी धरून आले. "बघ, एक टवका उडालेला नाही!" काकू चुलीपासून उठलीसुद्धा नाही. "आधी मागं जाऊन या," एवढंच म्हणाली. मागं पेट्यांसमोर मेलेल्या माशांचा थर पडला होता. काही उताण्या पडून अजून पाय हलवत होत्या. काका खाली बसले आणि त्या ओंजळीत गोळा करू लागले. त्यानंतर त्यांनी ना पेटी ठेवली, ना काच आणली. आता काका नाहीत, हंडी माझ्याकडे आहे. येणारेजाणारे तिचा रंग बघत उभे राहतात. अजूनही एक टवका उडालेला नाही.