कुणासाठी थांबायचं नाही, असं मीच लिहिलं होतं

दर गुरुवारी माझी दारासुरम्‌ची टाउन बस कुंभकोणम्‌च्या स्टँडात शिरते आणि चोळपुरम्‌ची गाडी फाटकातून बाहेर पडते. मला तिची फक्त पाठ दिसते. पुढची गाडी दीड तासाने.

चोळपुरम्‌ला माझी थोरली नणंद राहते. आमच्या घरातली तंजावरी मराठी माझ्याशी बोलणारं आता तेवढं एकच माणूस उरलं आहे. मुलं लांब, नातवंडं फोनवर तमिळमध्ये इंग्रजी कालवतात. परतीची गाडी लवकर, त्यामुळे नणंदेजवळ जेमतेम अर्धा तास मिळतो. तिने माझ्या गुडघ्यांची चौकशी करायची, मी तिच्या, की झाली भेट.

ही व्यवस्था ज्या शहाणीने केली, ती मीच.

बस खात्याच्या वेळापत्रक विभागात मी नवी होते, तिथली पहिली बाई. कडक इस्त्रीची साडी, वेणीत गजरा, हातात फूटपट्टी. त्या पट्टीने कावेरीची वळणंसुद्धा सरळ करून देईन, असा तोरा. शहरातल्या बसचा डेपो वेगळा, गावांच्या बसचा वेगळा. दोन्हीकडचे साहेब एकमेकांशी बोलत नसत, ड्रायव्हर बोलत. चोळपुरम्‌चा ड्रायव्हर दारासुरम्‌ची बस येईपर्यंत चहा पीत थांबे. विणकरांच्या बायका बोचकी घेऊन उतरत, धावत येऊन चढत, मग तो पेला ठेवून गाडी सुरू करी. असं कुठे लिहिलेलं नव्हतं. मी आठवडाभर उभं राहून पाहिलं आणि टिपणात लिहिलं, ‘बेशिस्त’. खाली लाल शाईने: कोणतीही गाडी दुसऱ्या गाडीसाठी थांबणार नाही. साहेबांनी तसा हुकूम काढला, मला शाबासकी दिली. दोन डेपोंमधला सगळा ताळमेळ त्या चहाच्या पेल्यात होता, तो मी सांडून टाकला.

त्या ड्रायव्हरने मला विचारलं होतं, “अम्मा, मग त्या बायकांनी काय करायचं?”

“लवकर निघायचं,” मी म्हटलं. तेही घड्याळाकडे बघत.

गेल्या महिन्यात दोन्ही डेपो एक करायचे म्हणून लोकांच्या सूचना मागवल्या. मी गेले. टेबलामागे माझ्या नातीच्या वयाची अधिकारी, समोर लॅपटॉप. बोलणं अर्थात तमिळमध्ये, मी तिची ‘पाट्टी’, म्हणजे आजी.

“पाट्टी, दारासुरम्‌हून येऊन चोळपुरम्‌ची गाडी पकडणारं कुणीच नाही. तिकिटांवरून कळतं.”

“गाडी चुकली की तिकीट कसलं फाटणार? लोकांनी कंटाळून स्कूटर घेतल्या. माझ्याकडे गुडघे आहेत, तेही नावाला.”

ती हसली. “पण न थांबण्याचा नियम फार जुना आहे. कुणीतरी विचार करूनच केला असेल.”

“विचारबिचार काही नाही. मी ओळखते तिला. फार मिजासखोर.”

“कुठे असतात त्या आता?”

“स्टँडवर. दर गुरुवारी, दीड तास.”

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग टाइप केलं. दर गुरुवारी पाच मिनिटं थांबून बघायचं, महिनाभर. प्रवासी मोजायचे, मग ठरवायचं.

या गुरुवारी चोळपुरम्‌ची गाडी थांबली. तिच्यासाठी टाउन बसमधून उतरलेली मी एकटी. मी स्टँड ओलांडत होते आणि खिडक्याखिडक्यांतून माणसं बघत होती. मी चढताना आत बसलेली एक बाई म्हणाली, “एका म्हातारीपायी एवढ्यांनी खोळंबायचं?”

माझ्या टिपणात मी हेच मांडलं होतं, फक्त भाषा सरकारी होती. मान खाली घालून मी जागा शोधली.

“अगं, इतक्या लवकर?” नणंद दारातच म्हणाली.

“गाडी थांबली माझ्यासाठी, वन्सं.”

“तुझ्यासाठी? इतकी वर्षं कुणी थांबलं नाही ते,” असं म्हणत तिने चटई पसरली.

दोन तास हाताशी होते. मी साठवलेलं एकेक काढून बोलायला लागले आणि पंधरा मिनिटांत तिचा डोळा लागला. एरवीच्या त्या अर्ध्या तासात ती झोप आवरून बसत असे, हे मला कधी कळलंच नव्हतं. मी पंखा तिच्याकडे वळवला आणि हळू आवाजात बोलत राहिले. तीन गुरुवार उरलेत, वन्सं, म्हटलं. तेवढ्यात आणखी एकदोन माणसं मिळवायला हवीत. विणकरांच्या घरांतून फिरून बघते, पण कुठल्या तोंडाने जाऊ?

ती घोरत होती.