काचेची प्लेट

नाना आपल्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला पाण्यात पाहायचा, आणि हे सगळ्या घराला ठाऊक होतं. माणूस वाईट असता तर एक वेळ बरं झालं असतं हो! पण जावईबापू म्हणजे आवाज चढवणार नाहीत, कामाला नाही म्हणणार नाहीत, आणि वर हसतमुख. अशा माणसाचा दुस्वास करायचा म्हणजे फार कष्ट पडतात. नानाने ते मनापासून घेतले होते.

बाबांचा सुऱ्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, घरामागची पत्र्याची शेड, एक भट्टी, एक ऐरण, आणि खिडकीखाली शेजारी शेजारी दोन ग्राइंडर. नाना मिसरूड फुटायच्या आधीपासून तिथे राबत होता. जावईबापू आधी काच बसवलेल्या विजेच्या शेगड्या दुरुस्त करायचे. त्यांचं दुकान बंद पडलं तेव्हा बाबांनी त्यांना शेडमध्ये बोलावून घेतलं. नानाला विचारलं नाही. नाना काही नाही म्हणाला नसता, पण विचारायला काय झालं होतं?

त्यातून बाबांची बोलायची तऱ्हा. जावयाला ‘अहो जावईबापू, जरा बघता का?’ आणि नानाला, कानशिलावरचे केस पांढरे व्हायला आले तरी, ‘अरे गाढवा, बघतोस काय!’

तरी नानाने तेही गिळलं असतं. पण ती काच आली आणि सगळं बिघडलं.

ग्राइंडरवर खरखरीत पट्टा गरगर फिरत असतो. पातं घासताना आपण पट्ट्यावर दाबतो, तेव्हा तो मागे जाऊ नये म्हणून पाठीशी एक प्लेट बसवलेली असते. प्लेट सपाट, तर पातं सपाट. पण पट्टा जसा पात्याला खातो तसा मागून प्लेटलाही खातो. साध्या लोखंडाची प्लेट बघता बघता मधोमध खोलगट होते, आणि मग पात्याला पोट सुटतं. नानाच्या प्लेटचं तेच झालं होतं. बदल म्हणून बाबा सांगत आणि नाना उद्या म्हणे, आणि तोवर त्याच्या हाताने आपली वाट शोधून काढली होती. पातं जरासं तिरकं करून प्लेटच्या कडेवर घ्यायचं, सुटलेलं पोट हळूच उतरवायचं, पुन्हा मध्ये आणायचं. वेळ जायचा, पण पातं सरळ निघायचं. आपण असं काही करतो हे नानाला स्वतःलासुद्धा धड सांगता आलं नसतं.

जावईबापूंनी काय केलं, तर फुटक्या शेगडीच्या काचेचा एक तुकडा कापून आणला. आग सोसणारी काच ती, तापली तरी तडकत नाही. तिच्या कडा त्यांनी गोल केल्या, पाठ खरबरीत केली, उष्णतेला न सुटणाऱ्या डिंकाने लोखंडी पाटावर चिकटवली, आणि खाली घसरू नये म्हणून बुडाशी एक छोटी पायरी ठेवली. पट्ट्याने घास घास घासलं, काच जशीच्या तशी! नानाचं एक पातं होईतो जावईबापूंची जोडी हातावेगळी व्हायची.

“वा! याला म्हणतात डोकं,” बाबा म्हणाले. नानाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

“काच ती काच. एक दिवस फुटेल आणि कुणाच्या तरी डोळ्यात जाईल,” तो म्हणाला.

“तुम्हालाही करून देऊ का एक, नाना?” जावईबापूंनी विचारलं.

“नको. लोखंडाच्या कामाला लोखंडच बरं.”

इतकं बोलल्यावर काहीतरी करून दाखवणं भाग होतं. नानाने चांगल्या पोलादाची नवी प्लेट कापली, भट्टीत लाल केली आणि कडक व्हावी म्हणून तेलात बुडवली. कडक झाली, पण वाकली. पुन्हा घासून सरळ करायची तर जावईबापूंच्या ग्राइंडरवर जायला हवं. मेलो तरी जाणार नाही, असं म्हणत नानाने ती तेलाच्या पिंपामागे लपवली आणि जुनीच प्लेट परत बसवली. रोज सकाळी शेडमध्ये आला की आधी त्याची नजर शेजारच्या काचेकडे जायची. एखादी चीर तरी? कसली चीर!

मग बाबांची नजर मंदावू लागली, आणि ठशाची गोष्ट निघाली. बाबांच्या आजोबांपासून चालत आलेला पोलादी ठसा होता, त्यावर उडता पक्षी कोरलेला. पातं मनासारखं झालं तरच बाबा तो ठोकायचे. तो पक्षी बघितल्याशिवाय मोठे आचारी सुरी हातात घेत नसत. ठसा ज्याच्याकडे त्याची शेड, हे कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती.

“दोघं एकेक पातं घासून आणा,” बाबा म्हणाले. “मी उजेडाला धरून बघतो आणि ठसा देऊन मोकळा होतो.”

नाना मनात हिशोब करू लागला. ठसा जावयाकडे गेला तर जन्मभर त्या माणसाला पाती दाखवत फिरायचं! त्या काचेमुळे, फक्त त्या काचेमुळे! ती आपल्याला मिळाली असती तर दाखवलं असतं, असं त्याच्या मनात आलं, आणि ‘देऊ का’ म्हणून विचारलं होतं हे तो साफ विसरला. जावईबापू मुठीची लाकडं आणायला बाहेर गेले तसे त्याने पाने घेतले. दोन बोल्ट इकडचे, दोन तिकडचे. काच नानाच्या मशीनवर आली, झिजकं लोखंड जावयाच्या. वरून पट्टे चढवले. लोखंडाच्या काळ्या भुकटीने दोन्ही मशीन सारखीच माखलेली, कोण बघतंय!

बाबा दारात खुर्ची टाकून बसले. दोघांनी पाती घासली. नाना मनात म्हणत होता, आता बघाच.

बाबांनी नानाच्या पात्यावर स्टीलची पट्टी उभी धरली आणि खिडकीकडे केली. पट्टीखालून उजेडाची रेघ निघाली. कडेला चक्क खड्डा! नानाचा हात जुन्या सवयीने तिरका झाला होता, आणि सपाट काचेच्या कडेवर उतरवायला पोट नव्हतंच, म्हणून तिने चांगलं पातंच खाल्लं होतं.

बाबांनी दुसरं पातं उचललं. ते मधोमध फुगलेलं.

“हे काय चाललंय?” बाबा ओरडले. “दोघंही नशा करून आलात की काय?”

जावईबापूंनी आपल्या मशीनचा पट्टा सरकवून मागे पाहिलं. मग नानाच्या मशीनकडे पाहिलं. मग नानाकडे. नानाला कळलं, हा ओळखून चुकला. आता हा बोलणार, आणि बोलावंच त्याने, कुणीही बोललं असतं.

“माझीच चूक, बाबा,” जावईबापू म्हणाले. “सकाळी साफ करायला प्लेटा काढल्या होत्या. लावताना अदलाबदल झाली.”

“अहो, गाढव आहात का तुम्ही?” बाबा गरजले. हे शब्द ऐकण्यासाठी नानाने किती वाट पाहिली होती! आणि आता मान वर करवेना.

बाबांनी ती झिजकी प्लेट काढायला लावली आणि तिच्यावर पट्टी धरली. मधून उजेडाची जाड रेघ निघाली. ते कितीतरी वेळ बघत राहिले.

“नाना, तू ह्याच्यावर सरळ पाती काढत होतास?”

“हो.”

“आणि मी समजत होतो, पोरगं मंद आहे.” बाबांचा आवाज बदलला. “घे रे. असल्या खड्ड्यावरून सपाट काढणाऱ्या हाताला ठसा नाही द्यायचा तर कुणाला?”

नानाने ठसा घेतला. खरं बोलायला तोंड उघडलं होतं, शपथेवर सांगतो, उघडलं होतं. पण ठसा हातात होता, बाबा आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे तसे बघत होते, आणि तोंड मिटलं. जावईबापूंनी पाठीवर थाप मारून “अभिनंदन, नाना” म्हटलं, तेही मनापासून.

घरी बायकोने ठसा उलटासुलटा करून पाहिला. “मिळाला ना एकदाचा? मग तोंड का असं? आता तरी त्या बिचाऱ्याचा पिच्छा सोडा.”

नानाने ठसा तिच्या हातून घेऊन फळीवर ठेवला.

“आजवर त्याच्या काचेवर जळत होतो गं,” तो म्हणाला. “काच काय, मागितली तर उद्या देईल. पण आज तो जसा वागला तसं मला या जन्मात जमायचं नाही. ते मी कुणाकडून मागून आणू?”