मामा आणि परकी सत्ता

माझ्या बायकोच्या मामांइतका संशयी माणूस अख्ख्या रत्नागिरीत दुसरा नसेल, आणि असलाच तर मामांनी त्याच्यावर पाळत ठेवली असेल. मामांनी हयातभर शाळेत इतिहास शिकवला. आपल्या किनाऱ्यावर बहामनी आले, आदिलशाही आली, पोर्तुगीज आले, सिद्दी आला, मराठ्यांचं राज्य झालं आणि शेवटी इंग्रज आले, हे मुलांकडून घोकून घेता घेता त्यांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली. येणारा आधी तलवार काढत नाही, आधी जागा मागतो. शेजाऱ्याने अंगणात स्कूटर लावू का म्हणून विचारलं, तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, "राजापुरात इंग्रजांनीही वखारीपुरतीच जागा मागितली होती." शेजारी स्कूटर ढकलत परत गेला. कुणी प्रेमाने फणस आणला, तर मामा फणसाकडे न बघता आणणाऱ्याकडे बघत.

अशा घरात केरळची एक नर्स भाड्याने राहायला आली, ती निव्वळ मामींमुळे. मामी घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, पण मामींनी अशी धास्ती घेतली, की घरी आल्यावर त्या पलंगावरून पाय खाली टाकीनात. डॉक्टरांनी बजावलं होतं, की आत्ता चालल्या नाहीत तर पुढे कधीच चालणार नाहीत. वॉर्डात त्यांचं सगळं करणारी ही मुलगी तेव्हा खोली शोधत होती. मामींनी मामांना न विचारता मागली खोली तिला देऊन टाकली. मामांनी दबक्या आवाजात मला फोन केला. "या खेपेला रेल्वेने आलेत," ते म्हणाले.

तिने विहिरीजवळ कढीलिंब लावला. मामा म्हणाले, "आज झाड, उद्या तटबंदी." पुढे एका रविवारी तिने मामींसाठी पेज केली, तेव्हा त्यांनी मला कळवलं, "स्वयंपाकघर पडलं."

ड्युटीवरून आली की ती मामींना उठवायची. "मामी, फक्त दारापर्यंत."

"मेल्ये गो, सोड मला," मामी ओरडायच्या. ती सोडायची नाही.

एका संध्याकाळी मी गेलो, तर मामी तिच्या खांद्याला धरून पडवीतून चालत होत्या. मागून मामा दोन्ही हातांत खुर्ची धरून पावलागणिक सरकत होते. मामी खाली बसल्याच, तर खुर्चीत बसाव्यात म्हणून.

"नजर ठेवलीय," मला बघून ते म्हणाले.

मामी विहिरीपर्यंत एकट्या जाऊ लागल्या, तोवर त्या मुलीची आई गावी आजारी पडली. तिने तिकडेच नोकरी धरली. मामा स्टेशनवर आले, गाडी येईपर्यंत तिच्या बॅगेला खेटून उभे राहिले. गाडी हलली तेव्हा खिडकीशी चालत म्हणाले, "पोचलीस की फोन कर. तू कुठे आहेस ते आम्हाला ठाऊक असलेलं बरं."

परवा माझ्या ऑफिसात बदलून आलेल्या एका गृहस्थांना घेऊन मी मामांकडे गेलो. मागली खोली झाडून ठेवलेली होती, खिडकी उघडी होती. गृहस्थांनी भाडं विचारलं.

"खोली रिकामी नाही," मामा म्हणाले.

मामी दारातच उभ्या होत्या. त्या चहा ठेवायला आत गेल्या.