घंटेच्या माहेरची माणसं

कुसुमवन्सं गेल्याचा फोन इंदूरच्या दवाखान्यातून आला, तेव्हा रतलामची दोन माणसं आमच्या ओट्यावर त्यांची वाट बघत चहा पीत बसली होती. फोनवर मुलगा एवढंच म्हणाला, "आई, आत्या गेली." मी बाहेर येऊन त्या दोघांना सांगितलं, "घंटा दाखवणारी बाई गेली." त्यातला एक म्हणाला, "कब तक आएँगी?" मी आत जाऊन गॅस बंद केला.

आता महिना होऊन गेला, तरी लोक येतातच. धारला आमच्या गल्लीच्या टोकाशी देवीचं देऊळ आहे. त्याच्या मंडपात टांगलेली मोठी घंटा देवळाची नाही, वसईकडच्या कुठल्याशा मोठ्या चर्चची आहे. मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आली, असं आमच्या घरांत सांगतात. आतला लोलक वाटेतच कुठे पडला, म्हणून ती वाजत नाही. अंगावर उठावाची एक बाई आहे, कडेवर मूल घेतलेली. मोहनखेड्याला, मांडूला जाणारे लोक गाडी थांबवतात, फोटो काढतात आणि पुढे जातात. त्यांनी पुढे जावं एवढंच माझं म्हणणं होतं. वन्सं जाऊ देत नसत.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. ऐन तरुणपणी नवरा गेला, सासरच्यांनी देवासहून इथे आणून सोडलं, ते कायमचं. मग घंटेवरची बाई हीच त्यांची मैत्रीण झाली. "एवढ्या लांबून आणली, वहिनी, आणि माहेरचं कुणी एकदाही बघायला आलं नाही." मी म्हणायची, "अहो, ती धातूची आहे." त्यांचं उत्तर ठरलेलं, "म्हणून काय झालं?"

दर चैत्रात त्या बाईची ओटी भरायची प्रथाही त्यांनीच पाडली. विधवेनं ओटी भरायची नाही आणि तिची कुणी भरायची नाही, हा आमच्या घरांतला जुना नियम. म्हणजे ताट त्यांनी लावायचं आणि स्टुलावर चढून घंटेला खण-नारळ लावायचा मी, सवाष्ण म्हणून. गुडघे माझे. वन्सं खाली स्टूल धरून उभ्या. नारळ मात्र घरी यायचा आणि त्याच्या वड्या व्हायच्या, तेवढंच बरं.

घंटा बघायला आलेल्या प्रत्येकाला पहिला प्रश्न, "कुठले तुम्ही? वसईचे का?" टोंकखुर्दहून आलेल्या शेतकऱ्यालाही हेच. तो बिचारा म्हणाला, "नहीं माताजी, इधर के ही हैं." तरी त्याला चहाला घेऊन आल्या. एकदा चिडून मी विचारलं, "आणि खरंच वसईचं कुणी आलं तर? घंटा बांधून देणार त्यांच्याबरोबर?"

"भेट तर होईल तिची. मग नाही मी कुणाला अडवणार."

त्या दिवसापासून वसईचं कुणी यावं असं मलाही वाटायला लागलं.

मागच्या चैत्रात, नेमक्या ओटीच्या दिवशी, आली की बस. बायकाच बायका, मराठी बोलणाऱ्या, गळ्यात क्रूस. वसईच्याच. मांडूला निघालेल्या, ड्रायव्हर सारखा हॉर्न वाजवत होता. वन्संनी एकीचा हात धरला. "ही तुमची आहे. बघा."

"हो का? छान आहे. आमच्याकडे पण आहेत अशा." तिनं फोटो काढला.

वन्संनी मी नुकतीच लावलेली ओटी खाली घेतली आणि ताटच तिच्यापुढे धरलं. "हिच्या माहेरी एवढं न्या."

"अहो आजी, बसमध्ये पाय ठेवायला जागा नाही. तुम्हालाच असू दे." असं म्हणून तिनं वन्संचा पदर पुढे ओढला, खण, नारळ, तांदूळ, सगळं त्यात घातलं, वाकून नमस्कार केला आणि पळाली. तिला बिचारीला काय ठाऊक.

बस गेली. वन्सं पदर धरून तशाच उभ्या...

मी म्हटलं, "झाली भेट? पाच मिनिटं काही थांबली नाही."

"माहेरची माणसं अशीच, वहिनी. घाईत असतात."

चाळीस-पन्नास वर्षं माझ्या घरात राहून हे मला ऐकवलं. संध्याकाळी वड्यांसाठी नारळ मागितला, तर म्हणाल्या, "दिला कुणाला तरी." मला दुकानातून दुसरा आणावा लागला. आणि लोकांना अडवणं काही थांबलं नाही. "वसईचे का" तेवढं बंद झालं. चहा चालूच.

गेल्या आठवड्यात त्यांचं कपाट आवरायला काढलं, कारण मला डबे ठेवायला जागा हवी होती. वरच्या फळीवर, घडीच्या लुगड्यांमागे, तो नारळ निघाला. खणात गुंडाळलेला, तांदळासकट. तांदळात किडे झालेले, नारळ वाळून गोटा झालेला.

सून म्हणाली, "आई, फेंक दूँ क्या?"

तांदूळ टाकायला सांगितले. नारळ पुन्हा खणात बांधून होता तिथे ठेवला. डबे अजून जमिनीवरच आहेत, जाता-येता पायात येतात. फळी पुसताना नारळ हातात घ्यावा लागतो. हलला की आत वाजतो.